मुद्रितशोधन : श्रुतसेवेचे एक अंग



सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका हाती पडताच वाचकाची दृष्टी प्रथम छायाचित्रांकडे जाते आणि नंतर देणगीदारांच्या यादीतील आपल्या घराण्याच्या नावाकडे. तेथे दिवंगत वडिलांचे नाव चुकलेले आढळले, तर गुळगुळीत कागद आणि सुबक मुखपृष्ठ ही सारी शोभा फिकी पडते. लेखक लिहितो, मुद्रक छापतो; या दोघांच्या मध्ये मुद्रितशोधक उभा असतो. त्याचे नाव बहुधा कोठेही छापले जात नाही.

मुद्रणकला येण्यापूर्वीही हे कार्य होतच असे. जैन ज्ञानभांडारांतील हस्तलिखितांत गळालेल्या अक्षराच्या जागी काकपदाची खूण करून ते अक्षर समासात लिहिलेले दिसते. अशुद्ध अक्षरावर पिवळ्या हरताळाचा लेप दिला जाई. ‘हरताळ फासणे’ हा मराठी वाक्प्रचार त्या लेपाचीच आठवण आहे. मात्र लेखनिकाची चूक एका प्रतीत राहत असे. मुद्रणातील चूक हजार प्रतींत हजार वेळा उमटते.

ज्ञानाचाराच्या आठ अंगांत व्यंजन, अर्थ आणि तदुभय अशी तीन अंगे आहेत. मुद्रिते तपासण्याचा क्रमही हाच असावा. पहिले वाचन अक्षराचे. एकाने मूळ प्रत सावकाश मोठ्याने वाचावी, दुसऱ्याने मुद्रितावर नजर ठेवावी. ‘अपरिग्रह’मधील एक ‘अ’ गळाला की व्रताचे रूपांतर दोषात होते. ‘श्रमण’ऐवजी ‘श्रवण’ पडले, तर संगणक ती चूक दाखवीत नाही. कारण तोही शुद्ध शब्दच आहे. दुसरे वाचन अर्थाचे. तिथी, तारीख आणि वार यांचा मेळ बसतो काय, छायाचित्राखालील नावे उभ्या व्यक्तींच्या क्रमानेच आहेत काय, रकमेतील शून्ये पुरी आहेत काय, हे पाहावे. तिसरे वाचन दुरुस्तीनंतरचे. एक ओळ वाढली की पुढची पाने सरकतात आणि अनुक्रमणिकेतील पृष्ठांक चुकतात. जुन्या फाँटमधील मजकूर युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरेही विस्कटतात.

एका शब्दाचे मोल किती, याचे उदाहरण महाराष्ट्राच्याच भूमीत घडले. षट्खंडागमाच्या धवला टीकेचा पहिला भाग डॉ. हीरालाल जैन यांच्या संपादनाखाली 1939 साली अमरावती येथून प्रसिद्ध झाला. मूडबिद्रीची ताडपत्रे तेव्हा समोर नव्हती. कागदी प्रतींवरून काम चालले होते. सत्प्ररूपणेतील 93व्या सूत्रात ‘संजद’ हा शब्द सुटला असावा, असे संपादकांना जाणवले. त्यांनी तो शब्द मूळ सूत्रात परस्पर घातला नाही. तळटीपेत आपली शंका नोंदविली. पुढे ताडपत्रांशी मेळ घेतला गेला, तेव्हा तो शब्द तेथे आढळला. त्याच्या अर्थावरून विद्वानांत मोठी चर्चा झाली. परंतु संपादकांची ती रीत सर्वांनी ध्यानी ठेवण्याजोगी आहे. शंका लपवू नये आणि शंकेच्या भरात मूळ मजकूरही बदलू नये. समासात प्रश्नचिन्ह करावे, लेखकाला विचारावे आणि मगच दुरुस्ती करावी.

शेवटचा टप्पा मुद्रणादेशाचा. ‘छापण्यास हरकत नाही’ असे लिहून स्वाक्षरी झाली की मुद्रक प्लेट तयार करतो. त्यानंतरची प्रत्येक दुरुस्ती वेळ आणि पैसा मागते. यंत्रावर कागद चढल्यानंतर तर तो कागदच वाया जातो. म्हणून सर्वांच्या दुरुस्त्या एकाच प्रतीवर उतरवाव्यात आणि अंतिम संमती एकाच जबाबदार व्यक्तीने द्यावी. पाच जणांनी पाच निरोप धाडले, तर मुद्रकाने कोणाचे ऐकावे? भ्रमणध्वनीच्या पडद्यावर पान ओझरते पाहून ‘ठीक आहे’ कळविणे म्हणजे तपासणी नव्हे. शक्य तेथे कागदावर प्रत काढूनच वाचावे. लेखकाने स्वतःच्या लेखाचा एकमेव तपासनीस होऊ नये. मनात असलेला शब्दच त्याला पानावर दिसतो. देणगीदारांची नावे त्या त्या कुटुंबाकडून तपासून घ्यावीत. समारंभाचा दिवस ठरलेला असतो. तपासणीचे दिवस त्याआधीच राखून ठेवावेत. अन्यथा घाईचा सारा भार अखेरच्या वाचनावर पडतो.

इतके करूनही एखादी चूक राहतेच. अशा वेळी शुद्धिपत्र जोडण्यात कमीपणा नाही. क्षमापनेची परंपरा जपणाऱ्या समाजाला हे वेगळे सांगावयास नको. मात्र क्षमा मागता येते म्हणून सावधानता सोडावी, असा त्याचा अर्थ नव्हे. यतना चालण्या-बोलण्यात जशी हवी, तशीच ती स्वाक्षरी करणाऱ्या हातातही हवी. पन्नास वर्षांनी शताब्दीचा इतिहास लिहू पाहणारा अभ्यासक याच पानांवर विश्वास ठेवणार आहे. त्याच्या हाती शुद्ध अक्षर देणे हीच या कार्यातील श्रुतसेवा होय.

जयजिनेंद्र!