झोपेत उतरणारा नंबर

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



हल्ली दवाखान्यात येणारे आई-वडील एक प्रश्न हमखास विचारतात. ‘‘डॉक्टर, रात्री घालून झोपायच्या लेन्स मिळतात म्हणे. सकाळी काढल्या की दिवसभर चष्मा लागत नाही. मग नंबर कायमचा जातो का हो?’’ सोबत आठ-नऊ वर्षांची मुलगी असते. गेल्या वर्षी उणे दीड नंबर होता, यंदा अडीच झालेला असतो. त्यामुळे त्यांची काळजी अगदी खरी असते.

उत्तर आधीच सांगून टाकतो. नंबर कायमचा जात नाही. पण दिवसभर चष्म्याशिवाय स्वच्छ दिसू शकतं, हे मात्र खरं आहे. हे कसं घडतं, ते पाहू.

आपल्या डोळ्याच्या अगदी पुढे, घड्याळाच्या काचेसारखा एक पारदर्शक पडदा असतो. त्याला पारपटल किंवा कॉर्निया म्हणतात. निकटदृष्टिता असलेल्या मुलांचा डोळा बहुधा प्रमाणापेक्षा लांब वाढलेला असतो. त्यामुळे दूरच्या वस्तूची प्रतिमा आतल्या दृष्टिपटलावर न पडता त्याच्या अलीकडेच पडते, आणि फळ्यावरची अक्षरं पुसट दिसतात. पारपटलाचा मधला भाग थोडा सपाट केला, तर प्रतिमा मागे सरकून योग्य जागी पडते.

रात्रीच्या लेन्स नेमकं हेच करतात. या पद्धतीला ऑर्थोकेराटॉलॉजी किंवा थोडक्यात ऑर्थो-के म्हणतात. लेन्स कडक असते, पण तिच्यातून प्राणवायू आरपार जातो. मिटलेल्या डोळ्याला मुळातच प्राणवायू कमी मिळत असल्यामुळे हे फार महत्त्वाचं आहे. लेन्सचा मधला भाग पारपटलापेक्षा सपाट, तर त्याच्या भोवतीचं कडं अधिक वक्र असतं. लेन्सखालच्या अश्रूंच्या पातळ थराचा दाब सगळीकडे सारखा राहत नाही. त्यामुळे पारपटलाचा वरचा नाजूक थर मध्यभागी थोडा पातळ आणि भोवती थोडा जाड होतो. हा फरक केसाच्या जाडीहूनही बराच कमी असतो, तरी तेवढ्यानं नंबर उतरतो. पहिल्याच रात्रीनंतर बदल जाणवतो, पूर्ण परिणामाला साधारण एक-दोन आठवडे लागतात. लेन्स घालणं थांबवलं, की काही दिवसांत पारपटल पुन्हा पूर्ववत होऊ लागतं आणि नंबरही परत येतो.

ही कल्पना तशी जुनी. कडक लेन्सनी पारपटलाला आकार देण्याचा प्रयोग जॉर्ज जेसेन यांनी अमेरिकेत १९६२ साली मांडला होता. पण त्या काळच्या लेन्समधून प्राणवायू जात नसे, म्हणून त्या दिवसाच घालाव्या लागत. नवं साहित्य आलं आणि २००२ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं रात्री घालायच्या अशा लेन्सना परवानगी दिली. उणे सहापर्यंतच्या नंबरासाठी ती होती.

पुढे आणखी एक गोष्ट लक्षात आली. हाँगकाँगमध्ये सहा ते दहा वर्षांच्या मुलांवर झालेल्या आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, चष्मा लावणाऱ्या मुलांचे डोळे दोन वर्षांत सरासरी ०.६३ मिलिमीटरनं लांबले. रात्रीच्या लेन्स घालणाऱ्यांचे ०.३६ मिलिमीटरनं. म्हणजे डोळ्याची वाढ थांबली नाही, पण मंदावली. हा फायदा मोठा आहे, कारण डोळा फार लांबला तर पुढच्या आयुष्यात दृष्टिपटल सुटण्यासारखे आजार संभवतात.

मग सगळ्या मुलांना या लेन्स का देत नाहीत? श्रोतेहो, आता नाण्याची दुसरी बाजू ऐका. २००० सालाच्या आगेमागे पूर्व आशियात अशा लेन्स वापरणाऱ्या अनेक मुलांच्या पारपटलाला भयंकर जंतुसंसर्ग झाला. काहींच्या डोळ्यांवर कायमचा डाग राहिला. त्यामागे बऱ्याचदा हलगर्जी निगा होती, आणि लेन्स किंवा डबी नळाच्या पाण्यानं धुणं हे त्यातलं एक मोठं कारण. पाणी आपल्याला स्वच्छ दिसतं, पण त्यात अकॅन्थअमीबा नावाचा सूक्ष्म जीव असू शकतो, आणि त्याचा संसर्ग बरा करणं फार कठीण. अमेरिकेत २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, वर्षभर या लेन्स वापरणाऱ्या दहा हजारांमागे सुमारे आठ जणांना पारपटलाचा जंतुसंसर्ग झालेला आढळला. मुलांत हे प्रमाण चौदाच्या घरात होतं. आकडा लहान आहे, पण ज्या घरात ते घडतं त्या घराला तो लहान वाटत नाही.

म्हणून काही नियम पक्के लक्षात ठेवा. लेन्स घालण्याआधी आणि काढण्याआधी साबणानं हात धुवायचे आणि पूर्ण कोरडे करायचे. लेन्स आणि डबी यांना पाणी लावायचं नाही. नळाचं नाही, फिल्टरचं नाही, उकळलेलंही नाही. डॉक्टरांनी दिलेलं द्रावणच वापरायचं, तेही रोज नवं. सकाळी लेन्स चिकटलेली वाटली तर ओढायची नाही. सांगितलेले थेंब घालून ती हलू लागली की मगच काढायची. डोळा लाल झाला, दुखला, उजेड सहन होईना किंवा अंधुक दिसू लागलं, तर लेन्स काढून त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जायचं. ‘उद्या बघू’ म्हणायचं नाही.

लेन्स घेण्यापूर्वी पारपटलाचा नकाशा काढून घ्यावा लागतो आणि पुढेही नियमित तपासणी चुकवता येत नाही. रोज रात्री, अगदी लग्नघरातून उशिरा परतल्यावरही, ही शिस्त पाळणं आपल्या घरात जमेल का, हे आई-वडिलांनी स्वतःलाच विचारावं. जमणार नसेल, तर चष्मा हा मुळीच कमीपणा नाही.

आणि एक उपाय बिनपैशाचा आहे. चीनमधल्या ग्वांगझू शहरातल्या शाळांत मुलांना रोज चाळीस मिनिटं जादा उघड्यावर नेलं, तेव्हा तीन वर्षांत नव्यानं नंबर लागणाऱ्यांचं प्रमाण साडेएकोणचाळीस टक्क्यांऐवजी तीस टक्क्यांच्या आसपास राहिलं. ज्यांना अजून चष्मा लागलेला नाही, त्या धाकट्या भावंडांना तरी संध्याकाळी मैदानावर पाठवा.