जुलाब थांबल्यानंतरचे दिवस



मुलाचे जुलाब थांबले कीं घरांतील माणसें सुटकेचा निःश्वास टाकतात. आज ज्या दुखण्याविषयीं मी बोलणार आहें, त्यांत काळजीचे दिवस तेथूनच सुरू होतात. मी डॉक्टर नव्हें, निवृत्त शिक्षक आहें. परंतु बोईसरास आमच्या शेजारीं हें दुखणें मीं जवळून पाहिलें.

मुलगा अडीच वर्षांचा. वडील तारापूरच्या औद्योगिक वसाहतींत रात्रपाळीस. मुलास रक्ताचे जुलाब झाले; घरांत होती ती जुलाब बांधणारी गोळी दिली गेली. (ही गोळी अशा वेळीं देऊं नये, तिनें विष आंतड्यांत रेंगाळतें, हें मागाहून कळलें.) पांचव्या दिवशीं जुलाब थांबले. पुढें दोन दिवसांनीं मूल पांढुरकें दिसूं लागलें, पापण्या सुजल्या. आजी म्हणाली, "अहो मास्तर, सकाळपासून ह्याची एकहि चड्डी ओली झाली नाहीं!" त्या एका वाक्यानें सगळे उठले.

या विकारास 'हिमोलिटिक युरेमिक सिंड्रोम' म्हणतात. १९५५ सालीं स्विस डॉक्टर गासर यांनीं त्याचें वर्णन केलें. शिगेला किंवा ई. कोलाय या जंतूंच्या कांहीं जाती आंतड्यांत एक विष सोडतात. तें मूत्रपिंडांतील बारीक रक्तवाहिन्यांचें अस्तर दुखवितें. तेथें गुठळ्या होतात, त्यांत प्लेटलेट खर्ची पडतात, तांबड्या पेशी फुटतात आणि लघवी आटते. कधीं रक्तदाब चढून झटकेहि येतात.

विषावर उतारा नाहीं. पाणी मोजून देणें, रक्तदाब सांभाळणें, लागल्यास रक्त चढविणें व मूत्रपिंड जागें होईपर्यंत डायलिसिस, हाच उपचार. सुमारें शंभर किलोमीटरांवरील मुंबईस या मुलाच्या पोटांत नळी घालून, द्रव सोडून व काढून तें आठ दिवस केलें. नवव्या दिवशीं थोडी लघवी झाली. एवढ्याशा लघवीनें घरांत पेढे वांटले गेलेले मीं दुसरीकडे पाहिले नाहींत!

आपल्या देशांत पुष्कळ मुलांस हा विकार जुलाबांवांचूनहि होतो. शरीरच आपल्या एका रक्षक प्रथिनाविरुद्ध प्रतिद्रव्यें तयार करितें. तेथें रक्तांतील द्रवभाग बदलावा लागतो, प्रतिकारशक्ति आवरणारीं औषधें द्यावीं लागतात, आणि विलंब झाल्यास मूत्रपिंड कायमचें जाऊं शकतें. म्हणून डॉक्टर जुलाबांची चौकशी इतकी बारकाईनें करितात.

मुलगा आतां शाळेंत जातो. दरवर्षीं त्याचा रक्तदाब मोजतात व लघवींत प्रथिन उतरतें कीं काय तें पाहतात. कारण मूत्रपिंडाची इजा कित्येक वर्षांनींहि वर येते. ती तारीख आजीनें भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहून ठेविली आहे.