टेकाम, टेकाडे आणि मी

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

आडनावांचा विषय निघाला की मराठी माणूस खुलतो. चार मित्र जमले की वाघमारे, आगलावे, दहातोंडे अशी गंमतीदार यादी सुरू होते आणि चहा दोनदा होतो. आज मी सांगणार आहे ती गोष्ट मात्र एका साध्या, तीन अक्षरी आडनावाची आहे. ते माझ्या हातून बिघडले, म्हणून त्याचा शोध घेणे मला भाग पडले.

वर्धा जिल्ह्यात सेलू तालुक्याच्या वरच्या अंगाला बोरचे जंगल आहे. त्याच बाजूच्या एका खेड्यात मी प्राथमिक शाळेत मास्तर होतो. १९७८च्या जून महिन्यात एक बाप मुलाला घेऊन पहिलीत नाव घालायला आला. अंगावर बंडी, हातात काठी. मी दाखलखारीज रजिस्टर उघडले, मुलाचे नाव, बापाचे नाव लिहिले आणि आडनाव विचारले.

"आमाले टेकाम म्हन्ते, गुर्जी," तो म्हणाला.

मी आर्वीकडचा. टेकाम असे आडनाव तोवर कधी ऐकले नव्हते. टेकाडे मात्र ठाऊक होते. नागपूरचे राष्ट्रीय कवी आनंदराव टेकाडे यांचे नाव तर आमच्या पिढीच्या परिचयाचे. मला वाटले, अडाणी माणूस, नीट उच्चार करता येत नाही. मी बिचाऱ्याचे आडनाव 'सुधारले' आणि ठळक अक्षरात टेकाडे लिहिले. वर त्याला समजावूनही सांगितले. त्याने मान हलवली. गुरुजी म्हणतात म्हणजे तसेच असेल, असे त्याला वाटले असावे. अंगठा उठवून तो निघून गेला.

पुढे पस्तीस वर्षांनी, २०१३ साली, तोच मुलगा माझ्या वर्ध्याच्या घरी आला. मी निवृत्त झालो होतो. त्याचे केस पांढरे व्हायला लागले होते. बरोबर बारावी झालेली मुलगी. "गुर्जी, पोरीचं काम अडून रायलं," एवढेच तो म्हणाला आणि प्लॅस्टिकच्या पिशवीतले कागद त्याने सतरंजीवर मांडले.

मुलीला व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घ्यायचा होता आणि त्यासाठी जमातीच्या दाखल्याची पडताळणी हवी होती. महाराष्ट्रात यासाठी २००० सालचा कायदा आहे. अनुसूचित जमातींच्या बाबतीत ६ सप्टेंबर १९५०च्या आधीच्या कागदाला मोठे वजन असते. या कुटुंबाकडे तसा कागद होता. मुलीच्या आजोबांच्या जन्माची जुन्या कोतवाल बुकातली नोंद, जात गोंड, आडनाव टेकाम. पण बापाच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर टेकाडे. बापाच्या दाखल्यावरून मुलीच्याही सगळ्या कागदांवर टेकाडेच. आजोबा गोंड, आणि नात भलत्याच घरची दिसत होती. मधला दुवा तोडणारे अक्षर माझे होते. ते मी लांबूनही ओळखले.

त्या रात्री झोप आली नाही. दुसऱ्या दिवसापासून मी या आडनावाच्या मागे लागलो.

गोंडी ही तेलुगू, तमिळ यांच्याच द्राविड कुळातली भाषा. २०११च्या जनगणनेत सुमारे तीस लाख लोकांनी ती आपली मातृभाषा म्हणून नोंदवली आहे. या भाषेत सागाच्या झाडाला 'टेका' म्हणतात. टेकाम म्हणजे सागाचे कुळ. 'मरका' म्हणजे आंबा, त्यावरून मरकाम. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर जो मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यातही ही दोन्ही नावे याच अर्थाने दिलेली आहेत. आपल्याकडे मराठ्यांत जसे देवक, तसे हे झाड कुळाचे. त्याचा मान राखायचा. गोंडांत प्रत्येक आडनाव ठरावीक संख्येच्या देवांशी बांधलेले असते. कोणी चार देवांचे, कोणी पाच, सहा, सात. सोयरीक जुळवताना पहिला प्रश्न हाच, किती देवांचे? सारख्या देवांची घरे भाऊभाऊ, त्यांच्यात लग्न होत नाही. म्हणजे आडनाव सांगितले की माणसाचे गोत्र, भाऊबंद आणि कुठे पोरगी द्यायची नाही, हे सगळे सांगून होते. मी खोडले ते एवढे सगळे.

आणखी एक मौज सांगतो. आपण मराठीत साग म्हणतो तो संस्कृत शाक शब्दावरून. पण तेलुगूत टेकू, मल्याळममध्ये तेक्क. मलबारच्या किनाऱ्यावर पोर्तुगीज आले, त्यांनी तो शब्द उचलून 'तेका' केला. स्पॅनिशमध्येही तेकाच. इंग्रजीतला टीक तिथूनच आला. म्हणजे मला जे अडाण्याचे चुकलेले उच्चारण वाटले, त्या शब्दाची सख्खी भावंडे युरोपातल्या शब्दकोशांत मानाने बसली होती! झाडावरून आडनाव घेण्याची रीतही जगभर आहे. गोव्यात आणि वसईत परेरा आडनाव घरोघरी भेटते, त्याचा अर्थ नासपतीचे झाड. मराठी लेखिका सिसिलिया कार्व्हालो यांच्या आडनावाचा अर्थ ओक. स्पेनमध्ये त्याच ओकवरून रोब्लेस. साग, आंबा, ओक, नासपती... पण परेरा लिहिताना कोणी मास्तर तो शब्द सुधारायला जात नाही, हा फरक आहेच.

आणि हे आडनाव दुर्मिळ म्हणावे, तर तेही खरे नाही. मला ते दुर्मिळ होते. मंडला, छिंदवाडा, छत्तीसगड, इकडे यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोली या बाजूला गेलो तेव्हा दुकानाच्या पाट्यांवर, ग्रामपंचायतीच्या फलकांवर टेकाम मला वारंवार दिसू लागले. आर्वीच्या पोराने आपल्याच जिल्ह्याचे जंगल पाहिले नव्हते, एवढाच त्याचा अर्थ.

लिहिणाऱ्याच्या हाती किती सत्ता असते, याचे सर्वांत मोठे उदाहरण मला फिलिपिन्समध्ये सापडले. तिथे स्पेनचे राज्य होते. लोकांनी बाप्तिस्म्यानंतर संतांची, क्रुसाची नावे घेतली, त्यामुळे एकाच नावाची शेकडो माणसे झाली आणि कर वसूल करणाऱ्यांचा गोंधळ उडाला. तेव्हा १८४९ साली गव्हर्नर क्लावेरिया याने फर्मान काढले आणि आडनावांची वर्णानुक्रमे छापील यादीच तयार करवली. यादीची पाने प्रांतोप्रांती, गावोगाव वाटली. ज्या गावाला जे पान आले, त्या अक्षराची आडनावे त्या गावाला. अल्बाय प्रांतातल्या ओआस गावात 'आर'ने सुरू होणाऱ्या आडनावांची गर्दी आहे, ती यामुळे. आज एखाद्या फिलिपिनो माणसाचे अस्सल स्पॅनिश आडनाव ऐकून त्याचे पूर्वज स्पेनचे असतील असे समजू नये. बहुधा ते एका कारकुनाच्या कागदावरून आलेले असते.

गेलेले आडनाव परत आणणारी माणसेही असतात, आणि त्यातले एक आमच्या वर्ध्यातच राहून गेले. मगनवाडीत १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ सुरू झाला. त्याचा कारभार पाहणारे अर्थशास्त्रज्ञ जे. सी. कुमारप्पा मूळचे तंजावरचे, जन्म १८९२चा. घराणे ख्रिस्ती, आडनाव कॉर्नेलियस. हे जुने रोमन कुळनाव, बायबलमध्येही येते. लंडनला हिशेबतपासनीसाचे शिक्षण, अमेरिकेत अर्थशास्त्र, आणि मग गांधीजींकडे येण्याच्या सुमारास त्यांनी घराण्याचे जुने तमिळ नाव, कुमारप्पा, पुन्हा लावले. त्यांचे बंधू भारतन यांनीही तेच केले. धर्म मात्र सोडला नाही, शेवटपर्यंत ते श्रद्धावान ख्रिस्ती राहिले. पुढे त्यांनी सेलडोह येथे आश्रम काढला. तो आमच्या सेलू तालुक्यातच. मी तरुणपणी मगनवाडीवरून कितीदा सायकल मारली, पण त्या नावामागची गोष्ट कळायला साठी उलटावी लागली.

कुमारप्पा शिकलेले, त्यांनी ठरवले आणि बदलले. माझ्या विद्यार्थ्याचे तसे नव्हते. शाळा सुटल्यावर रजिस्टरातली नोंद सहज बदलता येत नाही, वरिष्ठांची परवानगी लागते. मी शंभर रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर प्रतिज्ञापत्र केले : ही नोंद माझ्या हातची, पालकाने टेकाम सांगितले होते, मी चुकीने टेकाडे लिहिले. वकिलाने 'अनवधानाने' असा शब्द घातला होता, तो मी काढायला लावला. अनवधान नव्हते ते. मी विचार करून लिहिले होते.

मुलीचे ते वर्ष वाया गेले. कागद फिरत राहिले आणि पडताळणीचा दाखला पुढच्या वर्षी हाती आला. पेढे घेऊन बापलेक दोघे आले. मी माफी मागितली तेव्हा बाप संकोचला, "जाऊ द्या ना गुर्जी" म्हणाला. मुलगी काही बोलली नाही, आणि तिने बोलावे अशी माझी अपेक्षाही नव्हती.

मागे एकदा शाळेत जाऊन मी ते रजिस्टर पाहिले. जुनी नोंद खोडायची नसते, असा नियम आहे. माझे टेकाडे अजून तिथे आहे, निळ्या शाईत, वळणदार. त्याच्यावर लाल शाईने टेकाम लिहिले आहे आणि बाजूला आदेशाचा क्रमांक आणि सही आहे.