कचेरीचें गांव



गेल्या पावसाळ्यांत कॉलेजांतील एक विद्यार्थी मजकडे आला. त्याला एका स्पर्धेसाठीं निबंध लिहावयाचा होता आणि विषय होता 'आमच्या गांवाचा इतिहास'. बसतां बसतांच त्यानें विचारलें, "आजोबा, आपलें धाराशिव किती जुनें?" मीं म्हटलें, "एकशेंवीस वर्षांचें म्हण." त्याचा चेहरा उतरला. त्यानें वहींत अगोदरच लेण्यांपासून आरंभ केला होता. करकंड राजाची कथा, तेरचा रोमशीं व्यापार, सारें कांहीं सुवाच्य अक्षरांत उतरून काढलेलें होतें. आणि मीं एका वाक्यांत त्याचीं दीडएक हजार वर्षें कापून टाकलीं!

त्याचें लिहिणें चूक नव्हतें. आपल्या गांवापासून थोड्या अंतरावर बालाघाटाच्या कड्यांत लेणीं आहेत, तीं इसवी सनाच्या पांचव्या ते सातव्या शतकांतील असावीं असें पंडित मानतात. बर्जेस साहेबांनीं गेल्याच्या मागील शतकांत त्यांचीं मापें घेऊन वर्णन छापलें. कनकामर मुनींनीं अपभ्रंश भाषेंत रचलेल्या 'करकंडचरिउ' या काव्यांत तेर आणि धाराशिवचीं लेणीं येतात, व त्या काव्याची प्रत हिरालाल जैन यांनीं १९३४ सालीं संपादून प्रसिद्ध केली. तेर म्हणजेच ग्रीक खलाशाच्या प्रवासवर्णनांतील 'तगर', हें फ्लीट यांनीं १९०१ सालीं दाखवून दिलें. पैठणाहून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तें नगर आहे, असें तो खलाशी सांगतो. हें सर्व खरेंच आहे. परंतु लेणीं गांवाजवळ आहेत म्हणून गांव कांहीं लेण्यांतून निघालेलें नाहीं. भोगावतीच्या कांठीं कपालेश्वराचें देऊळ आणि ख्वाजा शमसुद्दिनांचा दर्गा यांच्या आसऱ्यानें एक जुना कसबा होता. आज आपण ज्याला शहर म्हणतों तें मात्र निराळें आहे. तें कचेरीबरोबर आलें.

ती कचेरी पूर्वी नळदुर्गास होती. १८५३ च्या तहानें वऱ्हाडाबरोबर नळदुर्गचा मुलूखही निजामाकडून इंग्रजांच्या हातीं गेला, आणि कॅप्टन मेडोज टेलर हे तेथील अंमलदार होऊन आले. तुळजापुराच्या पार्श्वभूमीवर ज्यांनीं पुढें 'तारा' ही कादंबरी लिहिली, तेच हे टेलर. त्यांचें आत्मचरित्र त्यांच्या पश्चात् प्रसिद्ध झालें. त्यांत या प्रांताविषयीं जी आपुलकी आहे ती वाचून आजही नवल वाटतें. १८६० सालीं हा मुलूख निजामाकडे परत आला. पुढें १८६५ च्या सुमारास पहिल्या सालारजंगांनीं जिल्हाबंदी केली, अव्वल तालुकदार, दुय्यम तालुकदार, तहसीलदार अशी उतरंड लावून दिली, आणि नळदुर्ग हा जिल्हा ठरला. विसाव्या शतकाच्या आरंभीं, १९०४-०५ च्या सुमारास, जिल्ह्याचें ठाणें धाराशिवास आलें आणि जिल्ह्याचें नांवही बदललें.

जिल्ह्याची कचेरी कांहीं एकटी येत नाहीं. तिच्यामागून खजिना येतो, अदालत येते, तुरुंग येतो. अदालतीपाठोपाठ वकील, वकिलापाठोपाठ मुन्शी, मुन्शीपाठोपाठ झाडाखालीं बसणारा अर्जनवीस. तारखेस आलेल्या पक्षकारास जेवावयास लागतें, म्हणून खानावळ निघते. त्याला रात्र काढावी लागते, म्हणून धर्मशाळा लागते. ज्यांचीं आडनांवें आज आपल्याला गांवचीं मूळचीं वाटतात त्यांतील कितीतरी घराणीं अशी कोणाच्या तरी नेमणुकीच्या कागदाला धरून येथें आलीं आहेत.

आतां लातुराकडे पाहा. लातूर १९८२ पर्यंत आपल्याच जिल्ह्यांतील गांव. कॅलथ्रॉप साहेबांची बार्शी लाईट रेल्वे, ती अडीच फुटांच्या रुंदीची चिमुकली गाडी, १८९७ सालीं कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत आली आणि १९११ सालीं लातुरास पोंचली. तिनें धाराशिवला वाटेंत घेतलें नाहीं. आपलें जवळचें स्टेशन येडशी, सुमारें सहा कोसांवर. लातुरास गाडी मिळाली तेव्हां पेठ वाढली. आपणांस कचेरी मिळाली तेव्हां दफ्तर वाढलें. रुंद रुळांची गाडी आपल्या गांवाला लागली ती २००७-०८ सालीं. म्हणजे शंभर वर्षें हें गांव रुळांवांचून वाढलें. येथील माणसाचा सावकाशपणा, अर्जावरील त्याचा विश्वास, 'साहेब दौऱ्यावर आहेत' हें वाक्य शांतपणें ऐकून घेण्याची त्याची संवय, या सर्वांचें मूळ मला त्यांतच दिसतें. हें माझें मत आहे. कोणास राग येऊं नये.

गांवाच्या नांवाविषयीं दोन शब्द. २०२३ सालीं 'धाराशिव' हें नांव सरकारदरबारीं पुन्हा रूढ झालें. त्या वादांत मी येथें शिरत नाहीं. परंतु अनेक ठिकाणीं असें छापलेलें आढळतें कीं, मीर उस्मान अली खान गादीवर आले आणि त्यांनीं गांवास आपलें नांव दिलें. ते गादीवर आले १९११ सालीं. आणि १९०८ सालीं छापलेल्या इंपीरियल गॅझेटियरमध्यें 'उस्मानाबाद जिल्हा' हें नांव स्पष्ट आहे. तेव्हां नामकरण झालें त्या वेळीं ते निजाम नव्हते, युवराज होते. गोष्ट लहान आहे खरी. तथापि शंभर-सव्वाशें वर्षांपूर्वीची एवढी उघड गोष्ट जर आपण चुकीची सांगतों, तर ज्यासाठीं कागद धुंडाळावे लागतात त्याची काय कथा?

आणि कागद धुंडाळावयाचे म्हटले तरी ते वाचणार कोण? हैदराबाद राज्याचा दरबारी व्यवहार १८८४ च्या सुमारास फारसींतून उर्दूंत आला आणि १९४८ पर्यंत उर्दूंतच राहिला. गांवोगांवचे कुलकर्णी हिशेब लिहीत ते मोडींत. म्हणजे या तरुण शहराचें बाळपण अशा दोन लिप्यांत लिहिलेलें आहे कीं, त्याच्या आजच्या नातवंडांस त्यांतील एकही वाचतां येत नाहीं. शिवाय कालगणना फसली. कोणा घराच्या चौकटीवर १३२१ हा आंकडा दिसला कीं, घर सातशें वर्षांचें म्हणून पाहुण्यांस दाखविलें जातें! हैदराबादच्या फसली सनांत ५९० मिळवावे, म्हणजे इसवी सन निघतो. तें वर्ष ऑक्टोबरांत सुरू होई. १३२१ फसली म्हणजे १९११-१२. लातुरास गाडी आली त्याच सुमाराचें तें घर.

येथें मला माझा स्वतःचा अपराध सांगितला पाहिजे. माझे आजोबा कचेरींत कारकून होते. त्यांचे पांच रुमाल, म्हणजे लाल फडक्यांत बांधलेले कागदांचे गठ्ठे, आमच्या माळ्यावर होते. ऐन तारुण्यांत, घराची दुरुस्ती निघाली तेव्हां, मीं ते स्वतःच्या हातानें खालीं काढले. उर्दू मला येत नव्हतें, मोडीही येत नव्हती. कसर लागलेली होती. आई म्हणाली, "अरे, मामंजींचें आहे तें, ठेव." मीं ठेवलें नाहीं. रद्दीवाला आला आणि शेराच्या भावानें घेऊन गेला. त्या पैशांत काय आणलें हें आज आठवतही नाहीं.

पुढें कित्येक वर्षांनीं देवघरांतील एका पेटीचा खण काढतांना तळाशीं घातलेला एक कागद मिळाला. तो मोडींत होता. एका जाणत्या गृहस्थांकडून वाचून घेतला. येडशी स्टेशनापासून धाराशिवपावेतों बैलगाडीचें भाडें पोंचल्याची ती पावती होती. रुपये दोन, हाली. हाली म्हणजे निजामी राज्याचा रुपया, इंग्रजी कलदाराहून कांहींसा कमी मोलाचा. सन १३२६ फसली. गाडींत काय होतें तेंही लिहिलेलें होतें: दोन पेट्या, एक जातें, एक पाळणा, कुटुंबाचीं माणसें. आमच्या घरीं सदैव सांगत आले कीं, आम्ही सात पिढ्यांचे धाराशिवकर. त्या कागदानें आमच्या पिढ्या मोजून दिल्या. आम्ही आलों १९१६-१७ सालीं, भाड्याच्या गाडींतून. पाळण्यांत होते ते माझे वडील. त्या दिवसापासून मला त्या विद्यार्थ्याचा उतरलेला चेहरा पुरता समजतो. माझाही तसाच उतरला होता.

एका पावतींत एवढें निघालें. पांच रुमालांत काय होतें?

कांहीं कागद असे असतात कीं, ते कोणास वाचावेसेच वाटत नाहींत. १९४७-४८ मध्यें रझाकारांनीं या जिल्ह्यांत जो छळ मांडला, सरहद्दीपलीकडे सोलापुराकडे किती कुटुंबें जीव मुठींत घेऊन गेलीं, तें जुन्या माणसांनीं सांगितलें आहे. रझाकारांचा पुढारी कासीम रझवी हा लातुरास वकिली करीत असे. १३ सप्टेंबर १९४८ रोजीं भारतीय सैन्य नळदुर्गाजवळून आंत शिरलें आणि पांच दिवसांत निजामी संपली. त्यानंतर मात्र सूड उगवला गेला, आणि तो पुष्कळदां निरपराध मुसलमान शेजाऱ्यांवर उगवला गेला. पंडित सुंदरलाल यांच्या समितीनें ज्या चार जिल्ह्यांना सर्वांत अधिक झळ लागली म्हणून नोंदविलें, त्यांत उस्मानाबाद एक होता. तो अहवाल दीर्घकाळ बंद राहिला आणि २०१३ च्या सुमारास दिल्लींत अभ्यासकांस पाहावयास मिळूं लागला. आमच्या गांवांत या दोन गोष्टी दोन मोहल्ल्यांत सांगतात. प्रत्येक मोहल्ला आपली अर्धीच सांगतो. त्या एकाच पानावर लिहिल्या जातील तेव्हां गांवाचा इतिहास लिहिला असें म्हणतां येईल. ज्यांनीं तें पाहिलें त्यांपैकीं आतां फारच थोडे राहिले आहेत, आणि त्या वेळीं तेही मुलेंच होतीं.

संग्रह करणें आपल्या जिल्ह्याला येत नाहीं असें मात्र नाहीं. तेरचे रामलिंगप्पा लामतुरे यांनीं शेतांत, पांढरीच्या टेकाडांत सांपडणाऱ्या वस्तू वर्षानुवर्षें जमविल्या. मातीच्या बाहुल्या, शंखाच्या बांगड्या, मणी, नाणीं. लोक ज्यांना खापरें म्हणून बांधावर फेंकीत, त्या वस्तू त्यांनीं घरांत आणून ठेविल्या. आज त्यांच्या नांवाचें सरकारी वस्तुसंग्रहालय तेरला उभें आहे. पांपेईच्या राखेंत सांपडलेल्या हस्तिदंती मूर्तीशीं जुळणारी तेरची हस्तिदंती मूर्ति त्यांच्यामुळेंच जगास ठाऊक झाली. दोन हजार वर्षांपूर्वीच्या गांवाला एक लामतुरे मिळाले. शंभर वर्षांच्या गांवाला कोणी मिळालें नाहीं, कारण शंभर वर्षांची वस्तु कोणास वस्तु वाटत नाहीं. ती अडगळ वाटते. १९७२ सालीं जिल्ह्याचें गॅझेटियर निघालें, तें उत्तम आहे. परंतु गॅझेटियर पाळण्याची नोंद करीत नाहीं.

म्हणून माझी आपणांस एक विनंति आहे. आपल्या माळ्यावर असा रुमाल असेल तर तो टाकण्यापूर्वीं कोणास तरी दाखवा. उर्दू जाणणारे वृद्ध शिक्षक अजून आहेत, मोडीचे वर्गही अधूनमधून भरतात. कागदाचें चित्र घेण्यास आज मुलाच्या खिशांतील यंत्र पुरतें. जुनीं माणसें बोलत असतील तर त्याच यंत्रांत त्यांचा आवाज भरून ठेवा, आणि त्यांना मध्येंच दुरुस्त करूं नका.

तो विद्यार्थी परवां पुन्हा आला होता. निबंध त्यानें नव्यानें लिहावयास घेतला आहे आणि आतां त्याचें पहिलें पान लेण्यांचें नाहीं, त्याच्या गल्लींतील आडाचें आहे. आडाच्या कांठावर एक दगड बसविलेला आहे; त्याचें चित्र त्यानें आणलें होतें. वर उर्दूंत दोन ओळी, खालीं सनाचे चार आंकडे. पहिले तीन स्पष्ट आहेत, १, ३ आणि १. शेवटचा झिजला आहे. तो चार असेल तर तें वर्ष कचेरी आली त्या सुमाराचें. त्यावर शेवाळ आहे, तें काढून पाहावें लागेल. येत्या रविवारीं सकाळीं आम्ही दोघे ब्रश आणि पाणी घेऊन तेथें जाणार आहों.