मोजपट्टी घेऊन फराहबागेत

आर्किटेक्चरचा अभ्यासक्रम पाच वर्षांचा. त्यातलं खरं शिक्षण घडतं ते डिझाइन स्टुडिओत. तिथे पाठांतर चालत नाही. एक जागा आणि लोकांची एक गरज हाती येते. मग कच्ची रेखाटनं, पुठ्ठ्याचं मॉडेल, आणि शेवटी ज्युरीसमोर प्रत्येक भिंतीचं कारण सांगायचं.

या शिक्षणात जुनी वास्तू मोजून कागदावर उतरवण्याचा पाठही असतो. त्यासाठी मला आपली अहमदनगरची (आताच्या अहिल्यानगरची) फराहबाग अनमोल वाटते. १५८३ मध्ये पूर्ण झालेला निजामशाहीतला हा अष्टकोनी महाल. मधोमध उंच दालन, भोवती एकेकाळी भरलेला तलाव. टेप लावून भिंतीची जाडी घ्या, कमानीची उंची काढा. जाड भिंत ऊन कसं अडवते, उंच छताखाली गरम हवा वर का जाते, हे आकडेच सांगू लागतात. नुसत्या फोटोंतून हे उमगत नाही. दगड-चुन्याजवळ उभंच राहावं लागतं.

नगरच्या मुलामुलींनो, आर्किटेक्चरच्या प्रवेशासाठीच्या 'नाटा' परीक्षेची तयारी करत असाल, तर एका रविवारी वही-पेन्सिल घ्या आणि फराहबाग गाठा.