अंदमानला सहकुटुंब जाताना

आजी-आजोबा आणि मुलांना घेऊन अंदमानला निघताय? नोव्हेंबर ते एप्रिल हा काळ उत्तम. श्री विजयपुरम, म्हणजे पूर्वीच्या पोर्ट ब्लेअरहून स्वराज द्वीपला बोटीनं जायचं, तेव्हा तिकिटं आधीच काढा. समुद्र खवळला की बोटी रद्द होतात. म्हणून परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री मुक्काम श्री विजयपुरमलाच ठेवा. डिसेंबरात अंदमानात सूर्य पाचच्या सुमारास मावळतो, त्यामुळे स्वराज द्वीपावरचा राधानगर किनारा दुपारीच गाठा. शहीद द्वीपावर ओहोटीच्या वेळी उथळ पाण्यात प्रवाळ दिसतं. ते जिवंत असतं, त्यावर पाय देऊ नका. मुलांच्या मुठीतला प्रवाळाचा तुकडाही किनाऱ्यावरच ठेवून या. तो घरी आणायला कायद्यानं बंदी आहे. प्रवास सुखाचा होवो!