अंतराळातलं पाणी, हाडांतलं कॅल्शियम

नोव्हेंबर 2008 मध्ये ‘एंडेव्हर’ यान आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाकडे निघालं, तेव्हा त्यात लघवीपासून पिण्याचं पाणी करणारं एक यंत्र होतं. ऐकून कुणाला किळस वाटेल. पण चारशे किलोमीटर उंचीवर पाणी पोचवणं इतकं खर्चाचं आहे, की तिथे घाम आणि श्वासातली वाफसुद्धा गोळा करून शुद्ध करतात. मे 2009 मध्ये अंतराळवीर हे पाणी पिऊ लागले.

लघवीतलं 85 टक्के पाणी परत मिळावं, असा यंत्राचा आराखडा होता. प्रत्यक्षात ते तुंबलं. आत कॅल्शियम सल्फेटचा थर साचला होता.

एवढं कॅल्शियम आलं कुठून? अंतराळवीरांच्या हाडांतून! वजनरहित अवस्थेत हाडांवर भार पडत नाही. ती झिजू लागतात आणि त्यांतलं कॅल्शियम लघवीवाटे बाहेर पडतं. लघवी टिकावी म्हणून तिच्यात सल्फ्युरिक आम्ल मिसळत असत. त्यातल्या सल्फेटशी हे कॅल्शियम जुळलं आणि यंत्राचा घसा धरला. जमिनीवरच्या माणसाची लघवी गृहीत धरून केलेलं गणित वर चुकलं. काही वर्षं कमी पाण्यावर समाधान मानावं लागलं. पुढे सल्फ्युरिकऐवजी फॉस्फोरिक आम्ल आलं, तेव्हा कुठे 85 टक्क्यांचा आकडा पुन्हा गाठता आला. उरलेल्या खारट गाळातलंही पाणी काढणारं उपकरण जोडल्यावर, 2023 मध्ये स्थानकावरच्या एकूण पाण्यापैकी 98 टक्के पाणी परत मिळाल्याचं ‘नासा’ने जाहीर केलं.

स्थानकावर काही बिघडलं तर सुटे भाग घेऊन मालवाहू यान येतं. मंगळाच्या दोन-तीन वर्षांच्या प्रवासात ते येणार नाही. तिथे दुरुस्तीही प्रवाशांनीच करायची.

भारतालाही असंच स्वतःच्या बळावर उभं राहावं लागणार आहे. डिसेंबर 2023 मध्ये ‘इस्रो’चे तेव्हाचे अध्यक्ष एस. सोमनाथ यांनी गोव्यात स्पष्टच सांगितलं, की गगनयान या भारताच्या मानवी अंतराळ मोहिमेसाठी प्रवाशांची हवा-पाणी सांभाळणारी जीवनरक्षक यंत्रणा द्यायला कोणताही देश तयार झाला नाही. ती भारतातच घडवली जाईल. गगनयानाची मोहीम तीन दिवसांची आहे. तेवढं पाणी सोबत नेता येतं. पण 2035 पर्यंत भारताला स्वतःचं अंतराळ स्थानक उभारायचं आहे, आणि तिथे माणसं महिनोन्‌महिने राहतील. त्यासाठी पाण्याचं यंत्र आखताना अभियंत्यांच्या शेजारी हाडांचे डॉक्टर पहिल्या दिवसापासून बसायला हवेत.